ते इंजेक्शन परत कर

चि. बापू यास,


तुझं पत्र, रक्ताच्या तपासणीचा कागद आणि घोड्याचे फोटो पोचले. घोडा देखणा आहे. कुमैत रंग उजळ, कानांची टोकं छान जुळलेली, पाय कोरडे. सारंगखेड्याला एवढ्या गर्दीत हा हेरलास म्हणजे नजर चांगली तयार झाली आहे. पण आधी कामाचं. मेडिकलवाल्याने गळ्यात मारलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं अजून टोचली नसशील तर टोचू नकोस. एक टोचून झालं असेल तर दुसरं टोचू नकोस. पैसे परत मिळाले तर ठीक, नाहीतर कुप्या फेकून दे. पुढचं सवडीने वाच.

त्या माणसाचा हिशेब सरळ आहे. टेस्टोस्टेरॉन म्हणजे नरपणा, कागदावर ते कमी दिसतंय, तेव्हा बाहेरून घाला. जिममधली पोरंही याच हिशेबाने सुया टोचून घेतात आणि पुढे लग्न झाल्यावर डॉक्टरांच्या दारात बसतात. शरीर तसं चालत नाही. घोड्याच्या मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथून जीएनआरएच हे हार्मोन थोडं थोडं, थांबून थांबून सुटतं. त्याच्या इशाऱ्यावर खालची पिट्युटरी ग्रंथी रक्तात दोन हार्मोन सोडते, एलएच आणि एफएसएच. एलएच वृषणातल्या लायडिग पेशींकडून टेस्टोस्टेरॉन करवून घेतं. एफएसएच सर्टोली पेशींना जागं ठेवतं आणि या पेशी वाढत्या शुक्रजंतूंना आधार देतात, खाऊ घालतात. मग वृषणात तयार झालेलं टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन रक्तातून उलट मेंदूपर्यंत जातं आणि आता पुरे म्हणून सांगतं. सर्टोली पेशींतून निघणारं इन्हिबिन एफएसएचला लगाम घालतं.

गच्चीवरच्या टाकीला फ्लोट असतो, पाणी वर आलं की मोटार बंद. तू टँकर बोलावून टाकी काठोकाठ भरलीस तर मोटार सुरूच होणार नाही. घोड्यात नेमकं हेच होतं, आणि त्यात आणखी एक मेख आहे. शुक्रजंतू रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनवर वाढत नाहीत. ते वाढतात वृषणाच्या आतल्या टेस्टोस्टेरॉनवर, जे रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतं. सुईने तू रक्तातली पातळी वाढवणार, मेंदू एलएच बंद करणार, आणि वृषणाच्या आतली पातळी कोसळणार. जिथे हवं तिथे दुष्काळ आणि कागदावर मात्र सुकाळ. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी १९७९ साली घोड्यांना टेस्टोस्टेरॉन टोचून पाहिलं, तेव्हा शुक्रजंतूंचं उत्पादन घटलेलं दिसलं. पुढे शर्यतीच्या तरुण घोड्यांना अंग भरण्यासाठी जी अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड्स देत, त्यांचाही परिणाम त्याच वाटेचा निघाला. अंड लहान, शुक्रजंतू कमी. औषध थांबवल्यावर बहुतेक घोडे सावरतात, पण त्यात महिने जातात. म्हणजे हंगाम गेला. मधल्या काळात घोडा आडदांड होईल, मोतद्दाराला चावेल, दिसेल त्याच्यावर धावून जाईल आणि तू म्हणशील, वा, गुण आला!

घोडा कुठूनही घेतलेला असो, जुन्या मालकाला एक गोष्ट स्पष्ट विचारायची: गेल्या सहा महिन्यांत याला अंग भरायची किंवा शांत करायची काही औषधं दिली का? घोडीचा माज पुढे ढकलायला तोंडावाटे देतात ते आल्ट्रेनोजेस्ट काही लोक दंगेखोर नरालाही देतात. घोडा गप्प होतो खरा, पण ते औषधही एलएच दाबतं आणि वृषणाचं काम मंदावतं. तरुण घोड्यात हा परिणाम जास्त दिसतो. विचारायला लाजू नकोस. घोडा विकताना माणसं वय सांगतात, वंश सांगतात, आईच्या आईचं नाव सांगतात. औषधाचं मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

तू लिहितोस, ‘मामा, घोड्यात जोरच नाही, म्हणून घोड्या गाभण न राहता उलटतायत.’ यात तू दोन वेगळ्या गोष्टी एका दावणीला बांधल्या आहेस. जोम वेगळा, बीज वेगळं. अमेरिकेत सिगार नावाचा घोडा होता. १९९४ ते १९९६ या काळात त्याने सलग १६ शर्यती मारल्या, पहिला दुबई वर्ल्ड कप जिंकला आणि जवळपास १ कोटी डॉलर कमावले. मग केंटकीतल्या स्टड फार्मवर त्याला घोड्यांवर सोडलं. ३४ माद्या झाल्या, एकही गाभण राहिली नाही. विमा कंपनीने भरपाई मोजली आणि घोडा नंतर, २०१४ साली मरेपर्यंत, लेक्सिंग्टनच्या अश्व उद्यानात लोकांना बघायला उभा राहिला. आता त्याच्या उलटं. वॉर एम्ब्लेमने २००२ साली केंटकी डर्बी जिंकली आणि जपानी मालकांनी प्रचंड किंमत मोजून त्याला नेलं. त्याला माद्यांत रसच नव्हता. लोकांनी नाना युक्त्या केल्या, तो नुसता बघत उभा. पण ज्या थोड्या माद्या त्याच्या मनाला आल्या त्यांची शिंगरं झाली आणि त्यांतल्या काहींनी जपानात मोठ्या शर्यती मारल्या. पहिल्याचं दुखणं बीजाचं, दुसऱ्याचं मनाचं. दोघांनाही टेस्टोस्टेरॉनची कुपी सारखीच निरुपयोगी.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर एक अंड पोटात राहिलेला घोडा बघ. उतरलेलं अंड काढून खच्ची म्हणून विकलेला असा घोडा तांग्याला जुंपला की रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक घोडीला खिंकाळून हाक मारतो. पोटातलं वृषण शरीराच्या उबेत शुक्रजंतू घडवू शकत नाही, टेस्टोस्टेरॉन मात्र व्यवस्थित घडवतं. सगळा नरपणा शाबूत, बीज शून्य. तुझ्या घोड्याची दोन्ही उतरलेली आहेत ना, हे फोटोवरून मला कळलं नाही. हाताने तपास. एकच लागलं तर त्याच्यावर वंश वाढवायचा विचार सोड. ही खोड पिढीत उतरते.

आता त्या कागदाबद्दल. टेस्टोस्टेरॉन कमी, हे एका सकाळी घेतलेल्या एका नमुन्यावरून ठरवलं आहे. घोड्याचं टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखं नसतं. वर सांगितलं तसं जीएनआरएच थांबून थांबून सुटतं, म्हणून तेही उसळ्यांनी येतं, आणि माजावरची घोडी नुसती दिसली तरी चढतं. सुई नेमकी दोन उसळ्यांच्या मधे टोचली गेली तर चांगल्या घोड्याचा कागदही मरतुकडा येतो. तपासायचंच असेल तर काही तासांच्या अंतराने चार-पाच नमुने घ्यायचे, किंवा जीएनआरएच टोचून एलएच आणि टेस्टोस्टेरॉन किती उसळतं ते मोजायचं. शिवाय तुझा नमुना जानेवारीतला. थंडीत नराचंही सगळं मंद असतं.

त्याच कागदावर इस्ट्रोजेनच्या पुढे वर गेलेला बाण आहे. त्याखाली कुणीतरी पेनाने ‘मादीचे हार्मोन जास्त’ असं लिहिलंय आणि तू बहुधा त्यावरच दोन रात्री झोपला नाहीस. तर ऐक. बर्लिनमध्ये बर्नहार्ड झोंडेक नावाचा स्त्रीरोगतज्ज्ञ होता. स्त्रीच्या लघवीवरून गरोदरपण ओळखायची पहिली भरवशाची चाचणी त्याने आणि आश्हाइमने मिळून बसवली. ज्यू असल्यामुळे १९३३ साली नाझींनी त्याला रुग्णालयातून काढलं, त्याला देश सोडावा लागला. १९३४ साली त्यानेच जाहीर केलं की घोड्याच्या मूत्रात इस्ट्रोजेन प्रचंड असतं. गाभण घोडीच्या मूत्रात ते भरपूर सापडतं हे आधीच ठाऊक होतं, पण हा नर तिलाही मागे टाकत होता! खच्ची घोड्यात मात्र ते जवळजवळ नव्हतं. म्हणजे ते वृषणातूनच येत होतं. लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉनचा काही भाग अ‍ॅरोमटेज नावाच्या एन्झाइमच्या मदतीने इस्ट्रोजेनमध्ये बदलतात, आणि त्यातलं बरंचसं इस्ट्रोन सल्फेट या बांधून ठेवलेल्या, निष्क्रिय रूपात रक्तात फिरतं. म्हणून घोड्याला काही बाईपण येत नाही. उलट जास्त इस्ट्रोजेन ही चांगल्या, चालू वृषणाची खूण आहे. ते खाली यायला लागलं तर मला फोन कर. तीन वर्षांपुढच्या घोड्याच्या पोटात अंड राहिलंय की नाही, हे ओळखायलाही आम्ही इस्ट्रोन सल्फेटच मोजतो. गाढवाला मात्र ही चाचणी लावू नकोस, तिथे ती फसते.

माणसांच्या प्रयोगशाळेच्या कागदावरची ‘सामान्य’ पातळी माणसाची असते, हेही लक्षात ठेव. तिच्याशी घोडा ताडून पाहिला की तो आजारीच दिसणार.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तू जाता जाता लिहिली आहेस: ‘जत्रेहून आणल्यावर आठवडाभर ताप होता, मग बरा झाला.’ बापू, उत्तर तिथे आहे. एका मूळ पेशीपासून पूर्ण शुक्रजंतू घडायला घोड्यात ५७ दिवस लागतात. त्यानंतर तो एपिडिडायमिसच्या लांबलचक नळीतून आठवडा-दीड आठवडा प्रवास करतो, तिथेच त्याला पोहायची आणि बीजांड फळवायची ताकद येते. म्हणजे आज घोड्याने दिलेलं वीर्य दोन महिन्यांपूर्वीच्या घोड्याचं आहे. पूर्ण वाढलेला निरोगी घोडा दिवसाला सुमारे ५ ते ७ अब्ज शुक्रजंतू घडवतो, म्हणजे सेकंदाला ६० ते ८० हजार. एवढ्या वेगाने चालणाऱ्या कारखान्याला उष्णता सोसत नाही. म्हणून तर निसर्गाने वृषणं शरीराबाहेर टांगली. आत जाणारं गरम रक्त बाहेर येणाऱ्या थंड शिरांच्या वेटोळ्यातून नेलं, आणि ऊन-थंडीनुसार अंड वर-खाली करणारा स्नायू दिला. ताप आला की ही सगळी व्यवस्था हरते. तापाच्या आठवड्यात जे शुक्रजंतू घडत होते ते वाकड्या शेपटीचे, मेलेले, मानेपाशी तुटलेले असे पुढचे दोन महिने बाहेर पडत राहतात. डिसेंबरच्या अखेरीस ताप, आज फेब्रुवारी संपत आला. तू आत्ता घोड्याचा नव्हे, त्या तापाचा निकाल बघतो आहेस. मार्चचा मध्य उलटू दे.

ताप आला कशाने, तेही पाहू. ट्रकमध्ये डोकं वर करून आखूड बांधलेला घोडा रात्रभर उभा राहिला की नाकातली घाण खाली पडत नाही, फुप्फुसात उतरते. पुढच्या वेळी दर चार-पाच तासांनी गाडी थांबव आणि त्याला मान खाली घालून शिंकू दे. शिवाय सर्र्यासाठी रक्त तपास. पावसाळ्यानंतर चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा हा आजार येऊन-जाऊन ताप देतो, पायांना आणि अंडाच्या पिशवीला सूज आणतो, आणि मालकाला वाटतं घोडा बरा झाला. अंडाची पिशवी सुजलेली दिसली तर वाट पाहू नकोस.

आता घोड्यांची बाजू. जानेवारीत तुझ्याकडे आणलेल्या घोड्या खरोखर माजावर होत्या का? घोडी लांब दिवसांत फळणारी जात आहे. थंडीत तिची बीजकोशं झोपलेली असतात. जागी होताना ती एक विचित्र सोंग करते. आठवडाच काय, कधी दोन-तीन आठवडे शेपूट वर करून माज दाखवते, पण बीजांड सुटतच नाही. मालक म्हणतो, पाच वेळा घोडा दिला. पन्नास वेळा दिला तरी काय होणार? नीट चक्र सुरू झालं की ते साधारण २१ दिवसांचं असतं, त्यात माज पाच-सात दिवस, आणि बीजांड सुटतं ते माज संपायच्या एक-दोन दिवस आधी. म्हणून मार्चपासून सोनोग्राफी करून घोडी लावायची. अर्ध्या घोड्यांचा दोष तुझ्या कुमैताच्या माथी बसला आहे, अशी मला दाट शंका आहे.

नराचंही हेच घड्याळ असतं, फक्त तो कधी पूर्ण झोपत नाही. रात्री मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडते. रात्र लांब तर मेलाटोनिन जास्त वेळ, आणि त्यावरून हायपोथॅलॅमस ऋतू ओळखतो. दिवस लांबले की जीएनआरएच वाढतं, मागोमाग एलएच, टेस्टोस्टेरॉन, वृषणाचा आकार, सगळंच. हंगामात एका वेळच्या वीर्यात जेवढे शुक्रजंतू असतात, हिवाळ्यात त्यांच्या निम्म्यापर्यंत ते उतरू शकतात. चढायलाही घोडा जास्त वेळ घेतो. युरोप-अमेरिकेइतका हा फरक आपल्याकडे टोकाचा नाही, कारण महाराष्ट्रात दिवस साधारण ११ ते सव्वातेरा तासांच्या दरम्यानच हलतो. पण फरक असतो.

पुण्याच्या बाजूच्या स्टड फार्मवर मी नोकरीला होतो तेव्हा डिसेंबरपासूनच घोड्यांच्या खोल्यांत दिवे लागत. दिवसाचे १६ तास उजेड. कारण थरोब्रेडचा वाढदिवस १ जानेवारीला मोजतात. शिंगरू जूनला जन्मलं तर शर्यतीत ते आपल्यापेक्षा पाच महिने मोठ्या पोरांशी धावणार. घोडीचा गाभणकाळ अकरा महिन्यांचा, तेव्हा फेब्रुवारीतच घोडी लावायची घाई. तूही ट्यूबलाइट लावू का म्हणून विचारलं आहेस. घोडीसाठी लाव हवे तर. नराला मात्र उजेडाने लवकर जागं केलं की तो लवकर थकतोही. दिव्याखाली ठेवलेल्या नरांचा भर आधी येतो आणि ऐन हंगामात, जेव्हा बाकीचे फुलतात तेव्हा, ओसरू लागतो. तुझा मारवाडी. आपल्या जत्रांत शिंगराचं वय दात बघून ठरवतात. तुला १ जानेवारीची घाई कशाला?

दुसरं एक सांगायचं आहे आणि ते औषधाच्या दुकानात मिळत नाही. फोटोत हा कुमैत तुझ्याकडच्या जुन्या घोड्याच्या शेजारच्या खणात बांधलेला दिसतोय. तो तिथून हलव. पेनसिल्व्हेनियात स्यू मॅकडॉनेल या बाईंनी मोकळ्या सोडलेल्या तट्टांचे कळप वर्षानुवर्षं पाहिले. कळपात ज्या नराच्या माद्या त्याचं टेस्टोस्टेरॉन जास्त, वृषण मोठं, वीर्य चांगलं. बाकीचे नर टोळी करून राहतात आणि त्यांचं सगळं उतरलेलं. टोळीतल्या एखाद्याला माद्या मिळाल्या की त्याचं टेस्टोस्टेरॉन चढतं, गमावल्या की पडतं. आपण चार नर एका रांगेत बांधतो तेव्हा त्यांच्या दृष्टीने ती बिनमाद्यांची टोळीच असते, आणि त्यात नव्याला म्हाताऱ्याचा दरारा वेगळा. कुमैताला घोड्यांच्या दावणीजवळ ठेव, रोज त्या दिसू देत, वास येऊ दे. तुझ्या कुप्या जे करणार होत्या त्यातलं बरंचसं त्याने फुकट होईल, आणि आतली यंत्रणा बंद न पडता होईल.

आणि तुझा मोतद्दार. हा घोडा आधी याच माणसाच्या हाताखाली वरातीत नाचायचा, असं तू लिहिलंस. वरातीत घोडी दिसली आणि याने मान वळवली की लगामाला हिसका बसत असणार, ओरडला की चाबूक. आजवर ज्या गोष्टीसाठी मार खाल्ला, तीच आता लोकांदेखत, अनोळखी अंगणात, त्याच माणसाच्या हाती असलेल्या दोरीवर करून दाखव, असं तू त्याला सांगतो आहेस. त्याने मागे सरकणं हे शहाणपणाचंच आहे. वेगळा लगाम घे, जो फक्त घोडी लावताना चढवायचा. माणूस बदलता आला तर बदल. जागा तीच ठेव, पायाखाली न घसरणारी. पहिल्या दोन-तीन वेळा शांत, अनुभवी, पक्क्या माजावरची घोडी दे. लाथा मारणाऱ्या नवख्या घोडीची एक लाथ अख्ख्या हंगामाचं मन मोडते. त्याने घेतलेल्या वेळाबद्दल कुणी हसू नये, शिटी वाजवू नये, व्हिडिओ काढू नये. हे सगळं करूनही घोडा थंडच राहिला तर लावण्याच्या तास-दोन तास आधी जीएनआरएचची अगदी छोटी मात्रा देता येते. त्याने घोड्याची स्वतःचीच यंत्रणा ढवळली जाते. पण ते माझ्यासमोर, तपासणीनंतर.

तपासणी अशी. आधी दोन-तीन दिवस वीर्य काढून जुना साठा रिकामा करायचा. बरेच दिवस न वापरलेल्या घोड्याच्या नळ्यांत म्हातारे, मेलेले शुक्रजंतू साचतात आणि पहिला नमुना पाहून माणूस उगीच घाबरतो. मग आठवडाभर विश्रांती. मग एका तासाच्या अंतराने दोन नमुने. दुसऱ्यात निदान १ अब्ज सरळ पोहणारे, धड आकाराचे शुक्रजंतू निघाले, दोन्ही अंडांची मिळून रुंदी ८ सेंटीमीटरच्या वर भरली, आणि जंतुसंसर्ग नसला, तर घोडा पास. अमेरिकेतल्या पशुप्रजननतज्ज्ञांनी घालून दिलेली ही कसोटी आहे आणि मला ती रास्त वाटते. वीर्याला थंड काच, ऊन आणि पाण्याचा थेंब, तिन्ही वर्ज्य. चांगलं वीर्य ओल्या भांड्यात मारून मग घोड्याला नावं ठेवणारे लोक मी पुष्कळ पाहिले. नमुना शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवता येईल. ग्लँडर्स वगैरे संसर्गजन्य रोगांची तपासणी राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र, हिसार इथे होते, ती आधी करून घे. घोडी घेऊन येणाऱ्यालाही कागद माग.

कुमैत चांगला निघाला तर वीर्य साठवून ठेवायचा विचार जरूर कर. थरोब्रेडवाल्यांना ती मुभा नाही. त्यांच्यात नर प्रत्यक्ष मादीवर चढला तरच शिंगराची नोंद होते, पुण्यातल्या स्टड बुकातही तोच नियम. मारवाडीला ही आडकाठी नाही. हिसारच्या केंद्राच्या बिकानेरच्या शाखेत २०२३ साली भ्रूण प्रत्यारोपणातून ‘राज-प्रथमा’ ही मारवाडी शिंगरी जन्मलीसुद्धा. फक्त परदेशी घोड्याच्या वीर्याच्या मागे लागशील तेव्हा व्हायरल आर्टरायटिसचा दाखला बघ. तो विषाणू धडधाकट दिसणाऱ्या नराच्या जननग्रंथींत वर्षानुवर्षं घर करतो, आणि गंमत म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या आधाराने टिकतो. घोडा खच्ची केला की हळूहळू नाहीसा होतो. घोडीत तो टिकत नाही, नरात टिकतो.

हंगामात कुमैताला दिवसाला एकच घोडी, आठवड्यातून दोन दिवस पूर्ण सुट्टी. चार वर्षांचा म्हणजे तसा पोरच आहे, त्याचं वृषण अजून वाढतंय. एप्रिल-मेमध्ये पहाटेच घोडी लावायची, दुपारी सावली आणि पंखा, आणि उन्हात फेरी नाही. चंदी वाढवून पोट सोडू नकोस. लठ्ठ घोडा आधी लंगडतो, आणि लंगडा घोडा मागच्या पायांवर उभा राहायला तयार होत नाही.

राहिला तुझा जुना घोडा. तू लिहितोस, त्याची रग अजून विशीतल्या पोराची आहे, फक्त गेली दोन-तीन वर्षं घोड्या कमी गाभण राहतात. मला काळजी त्याचीच जास्त वाटते. वृषण झिजायला लागलं की आधी इन्हिबिन आणि इस्ट्रोजेन उतरतं, लगाम सुटल्याने एफएसएच चढतं, आणि टेस्टोस्टेरॉन व रग शेवटपर्यंत तशीच राहतात. त्यामुळे मालकाला सगळ्यात उशिरा कळतं. त्याची अंडं मऊ लागतात का, गेल्या वर्षीपेक्षा लहान वाटतात का, ते बघून ठेव. त्याच्यावर या हंगामात थोड्याच घोड्या घे, आणि त्या नेमक्या बीजांड सुटायच्या वेळी.

मी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येतो. कृत्रिम योनी, गाळणी आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे आहे. तू गरम पाण्याचे दोन थर्मास, एक शांत माजावरची घोडी आणि तो मोतद्दार सोडून दुसरा कुणीतरी माणूस तयार ठेव. म्हाताऱ्याचं रक्त त्याच दिवशी काढू. तोवर जानेवारीपासून कुठली घोडी कुठल्या तारखेला लावली, माज किती दिवस होता आणि कधी उलटली, ते वहीत लिहून काढ. अंदाजे नको.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा